दोघांचा भार

माझं दुकान एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर आहे. डावीकडे चष्मेवाला, उजवीकडे कपड्यांना इस्त्री करणारं जोडपं. मी कॉम्प्युटर जोडून देते. तयार डबा विकत नाही. गिऱ्हाईक समोर बसतं, काय करायचंय ते सांगतं आणि मग एकेक भाग निवडून आम्ही तो उभा करतो. एकोणीस वर्षं हेच चाललंय. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी मिळाल्या, एक जुनी सोल्डरिंगची कांडी आणि एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर यंत्र कदाचित सुधारेल, पण का सुधारलं ते आपल्याला कळणार नाही.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून लोक मला विचारतात, तुझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. मी फक्त आकडे लिहून ठेवते. ते वहीत आहेत, तारखेसकट.

लिफ्टवाले काका एका मंगळवारी मी दुकान उघडत असतानाच आले. सत्तरीचे गृहस्थ, पण कॉम्प्युटर छातीशी धरून बसथांब्यापासून चालत आणला होता. आयुष्यभर लिफ्टची देखभाल केलेला माणूस, वजन कसं उचलायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही.

“अडखळतोय,” डबा माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. “बाकी सगळं ठीक. गेम सुरू केला की ठेचकाळत चालतो. गुडघा दुखणारा माणूस जिना उतरतो ना, तसा.”

“कधीपासून?”

“महिना झाला असेल.”

“त्या सुमाराला काही बदललं का? नवीन काही टाकलं, कुणी हात लावला?”

“काही नाही.”

सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात. मी वहीत लिहिलं, ‘काही बदललं नाही असं म्हणतात.’

तो डबा मीच दोन वर्षांपूर्वी जोडला होता. तेव्हा काका आणि काकू दोघं आले होते. काकूंनी तीस वर्षं दातांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून काम केलं होतं. बुटक्या, नीटनेटक्या बाई, बोलायच्या कमी. मी रंगीत दिव्यांचे डबे दाखवले तेव्हा म्हणाल्या, “सर्कस नको. घरात ठेवल्यावर कपाट वाटलं पाहिजे.” म्हणून तो काळा, साधा डबा. जाताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, “हे चालवणाऱ्यापुरतंच असतं, की शेजारी बसून बघणाऱ्यालाही मजा येते?”

“बघणाऱ्याला जास्त येते,” मी म्हणाले होते.

“मग चालेल.”

“काकू कशा आहेत?” मी आता विचारलं.

काका डब्यावरची धूळ बोटाने पुसत होते. “ती गेली. नऊ महिने झाले.” मग मला काही बोलायला लागू नये म्हणूनच बहुधा लगेच म्हणाले, “पंखा बघ हं आधी. आवाज बदललाय असं मला वाटतं.”

पंख्याला काही झालं नव्हतं. तरी मी सगळं उघडलं. धूळ काढली, पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम पुसून नव्याने टाकला. प्रत्येक गोष्टीनंतर गेम चालवला. खरं सांगायचं तर पहिल्या वेळेपासून तो छानच चालत होता. सेकंदाला नव्वद चित्रं. गेममधली हालचाल म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रंच असतात. साठाच्या वर असली की डोळ्याला सलग दिसतं, चाळिसाला आली की ठेचा लागतात. इथे नव्वद, कार्डावर भार जवळजवळ पूर्ण, पण तापमान व्यवस्थित. तीन दिवस चालू ठेवला. एकदाही आकडा हलला नाही.

त्या तीन दिवसांत मी त्यांचा गेम जरा पाहिला. मारामारीचा नव्हता. एक दरी, मधून नदी. लाकडं तोडायची, घर बांधायचं, होडी करायची. काकांचं घर बघून हसू आलं. कुंपण ओळंब्यात धरल्यासारखं सरळ, कोठाराच्या पायऱ्या एकसारख्या. पण नदीच्या काठावर फुटलेल्या होड्यांचा खच पडला होता. मी मोजल्या. चव्वेचाळीस.

काका डबा न्यायला आले तेव्हा मी त्यांना होड्यांबद्दल विचारलं.

ते थोडे ओशाळले. “नदी जिथे समुद्राला मिळते ना, तिथे दोन खडकांमध्ये खिंड आहे. पाणी जोरात आहे. पाव सेकंदात वळवावं लागतं. हे अडखळलं की होडी वळायच्या आत खडकावर.”

“पलीकडे काय आहे?”

“बेट. टेकडीवरून दिसतं. तिने पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं. रोज म्हणायची, तिकडे कधी जायचं? मी म्हणायचो, छप्पर होऊ दे. मग म्हणालो, कोठार होऊ दे. मग कुंपण.” त्यांनी वायरची गुंडाळी खिशात घातली. “खऱ्यातही माझं तसंच होतं. सुट्टी काढली की कुठली तरी लिफ्ट अडकायची. मी काय, कामावर निघायचो. ती बॅग परत उघडायची.”

मी त्यांना डबा टॅक्सीत ठेवून दिला. म्हटलं, आता काही अडचण येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. “पोरी, अडखळतोय.”

दुकानात नव्वद आणि घरी अडखळतो, याचा अर्थ दोष डब्यात नाही, घरात आहे. वीज कमीजास्त होत असेल, मॉनिटरची वायर खराब असेल, डब्याला हवा मिळत नसेल. मी माझी पेटी घेतली आणि गेले.

घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये काकांनी मान जरा तिरकी करून आवाज ऐकला आणि स्वतःशीच म्हणाले, “बेअरिंग.” बैठकीची खोली मोठी नव्हती. खिडकीशी टेबल, त्यावर मॉनिटर, खाली डबा, चारी बाजूंनी हवा खेळती. टेबलासमोर काकांची चाकांची खुर्ची आणि तिच्या उजव्या हाताला, जरा मागे, एक लाकडी खुर्ची, पाठीला उभ्या पट्ट्या असलेली. जेवणाच्या टेबलाशी तशाच तीन होत्या. खोलीत साबणाचा वास होता. एकट्या पुरुषाच्या घरात असतो तसा पसारा कुठे नव्हता.

काकांनी गेम लावला. खरंच अडखळत होता. नदीचं पाणी वाहत नव्हतं, सरकत होतं. मी पडद्याच्या कोपऱ्यात आकडे लावले. पंचेचाळीस. कार्डावरचा भार शंभर टक्के.

मी विजेचा दाब मोजला.

“माझ्या घरातली वायरिंग मोजतेस?” काका म्हणाले. रागावले नव्हते, उलट गंमत वाटली असावी.

“मी कुणालाच सोडत नाही.”

वीज उत्तम होती. अर्थिंग माझ्या दुकानापेक्षा चांगलं. मॉनिटरची वायर बदलली, पंचेचाळीस. इंटरनेट काढून टाकलं, पंचेचाळीस. मॉनिटर बदलून माझा छोटा लावला, तरी पंचेचाळीस. मागे लपून काही चालत असेल म्हणून सगळी यादी तपासली. गेमशिवाय काहीही चालत नव्हतं.

मग मला त्या आकड्याचंच नवल वाटू लागलं. बिघाड असा नेमका नसतो. यंत्र बिघडलं की आकडा वरखाली होतो, आजारी माणसाच्या तापासारखा. हा बरोबर निम्मा होता आणि तिथून हलत नव्हता. माझ्याकडे एक साधन आहे, कार्ड नेमकं काय काम करतंय ते ओळीने दाखवणारं. ते लावलं. पडद्यावरच्या प्रत्येक चित्रामागे कार्ड दोन चित्रं काढत होतं.

एक पडद्यावर जात होतं. दुसरं कुठे जात होतं ते दिसत नव्हतं.

“हा गेम दोघांना मिळून खेळता येतो का?” मी विचारलं.

“नाही. एकट्याचाच आहे.”

“जरा त्या खडकासमोर उभे राहा. अगदी जवळ, नुसता दगड दिसेल असे.”

साधा करडा दगड काढायला कार्डाला काहीच कष्ट नसतात. काकांनी गेममधल्या माणसाला खडकाला नाक लावून उभं केलं. पहिल्या चित्राचं काम झपकन खाली आलं. दुसऱ्याचं आलं नाही. होतं तेवढंच राहिलं, उलट किंचित वाढलं. दुसरं चित्र पहिल्याची नक्कल नव्हतं. ते दुसरीकडे बघत होतं.

मी हे काकांना सांगितलं नाही. कळलं नाही तोवर बोलायचं नाही, हाही वडिलांचाच नियम. मी म्हटलं, भिंतीतला सॉकेट बदलून बघते. टेबलामागे जायला वाट नव्हती, म्हणून ती लाकडी खुर्ची उचलून मी दाराबाहेर, जिन्याकडे जाणाऱ्या बोळात ठेवली. परत आले आणि सॉकेटला हात लावायच्या आधी सवयीने पडद्याकडे पाहिलं.

नव्वद.

पाणी वाहत होतं. काका खुर्चीत पुढे वाकले. “अरे वा. काय केलंस?”

“अजून काहीच नाही.”

मी बोळात गेले, खुर्ची आणली, होती तिथे ठेवली. पंचेचाळीस.

खुर्चीच्या पायाखाली वायर येत असणार. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. तिथे वायर नव्हती, नुसती फरशी. फरशी हलत असेल, म्हणून त्याच जागेवर जोर देऊन उभी राहिले. काही नाही. खुर्ची बाहेर, नव्वद. आत, पंचेचाळीस. मग जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची आणून त्याच जागी ठेवली. तीच घडण, तेच लाकूड. नव्वद. ती नेली, पहिली आणली. पंचेचाळीस. तिच्यावरची उशी काढली. पंचेचाळीस.

 काकांचे हात कीबोर्डवर तसेच होते.

मी वहीत सगळं लिहीत होते. माझं अक्षर त्या पानावर जरा बिघडलंय. एवढंच.

शेवटी मी खुर्ची जागेवरच ठेवली, फक्त फिरवली, तोंड भिंतीकडे. आकडा चढत चढत नव्वदला जाऊन थांबला. पडद्याकडे फिरवली, पंचेचाळीस. परत भिंतीकडे.

“पोरी,” काका हळू आवाजात म्हणाले, “तिला भिंतीकडे तोंड करून बसवू नकोस.”

मी खुर्ची सरळ केली. पेटीवर बसले, कारण पेटी हाताशी होती आणि त्या खुर्चीत मी बसणार नव्हते.

“तुम्ही म्हणालात काही बदललं नाही.”

“खोटं नव्हतो बोलत. मला तो बदल वाटलाच नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ती गेल्यावर ही खुर्ची मी माळ्यावर टाकली होती. समोर बघवत नव्हती. आठ महिने गेम एकट्याने खेळलो. म्हणजे लावायचो नुसता. कुंपण रंगवायचं, बंद करायचं. बेटाकडे गेलो नाही. एक दिवस वाटलं, आता जाऊ. आणि म्हटलं, जायचं तर तिची खुर्ची खाली आणू. बघायला तर तिलाच हवं होतं.”

“त्या दिवसापासून अडखळायला लागला.”

“त्याच दिवसापासून.”

बाहेर कुणीतरी बोळातून पिशव्या घेऊन गेलं. दार उघडलं, लागलं. 

माझ्या पेटीत जादा वायर होती. कार्डाला मागे तीन तोंडं असतात. पहिल्यात काकांचा मॉनिटर होता. दुसऱ्या तोंडाला माझा छोटा मॉनिटर लावला, तर ते दुसरं चित्र कदाचित दिसलं असतं. मी वायर हातात घेतली. काकांना लिफ्टच्या पॅनेलची सवय, ती वायर कशासाठी आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही.

“नको,” ते म्हणाले. “तिला बघायला आवडायचं. तिच्याकडे कुणी बघितलेलं कधीच आवडलं नाही.”

मी वायर पेटीत टाकली.

“काका, एक सरळ मार्ग आहे. दहा मिनिटं ही खुर्ची बाहेर ठेवायची. नव्वदवर खिंड पार होईल. मग परत आणायची.”

“आणि तिला काय सांगू? तू बोळात थांब, मी बेट बघून येतो?” ते हसले, पण ते हसणं टिकलं नाही. “चाळीस वर्षं तेच केलं, गं. आता बास.”

मी दुकानात परतले. त्या दुपारी एका वकिलांचा कॉम्प्युटर जोडायचा होता, तो जोडला. पण डोक्यातून जाईना. मी स्वतःला समजावलं, की तू कोण, यंत्र सुधारणारी बाई. तुझ्यासमोर आलेलं काम काय? कार्डावर दोघांचा भार पडतोय आणि कार्ड एकाच्या मापाचं आहे. तो दुसरा भार कुणाचा, ही चौकशी तुझी नाही. लिफ्टमध्ये दोन माणसं चढली आणि ती एकाचीच असेल तर तू काय करशील? माणसाला उतरवशील, की मोठी लिफ्ट बसवशील?

माझ्या स्वतःच्या मशिनमध्ये, जिच्यावर मी इतरांचे भाग तपासते, दुकानातलं सगळ्यात दणकट कार्ड होतं. संध्याकाळी मी ते काढलं. रात्री नवऱ्याने विचारलं, हे घरी का आणलंयस? मी म्हटलं, उद्या एका काकूंना लागणार आहे. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला मी काकांकडे पोचले. कार्ड लांबीला मोठं होतं, काळ्या डब्यात मावेना. आतला एक कप्पा काढावा लागला, पॉवर सप्लायही बदलला. काका टॉर्च धरून उभे होते. बरोबर हवी तिथे धरत होते, मला एकदाही सांगावं लागलं नाही. काम चालू असताना ते सहज बोलत होते, माझ्याशी की आणखी कुणाशी ते नेमकं कळत नव्हतं. हे बघ, हे कार्ड मोठं आहे. हो, आवाज थोडा जास्त येईल. सवय होईल.

झाकण लावलं. चालू केलं.

लाकडी खुर्ची जागेवर होती, तोंड पडद्याकडे. मी टेबलाच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. आकडे लावले.

प्रत्येक चित्रामागे दोन चित्रं. कार्डावर भरपूर भार. आणि कोपऱ्यात, स्थिर, नव्वद.

“चालतंय,” मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला.

काका खिंडीकडे निघाले. पहिली होडी डाव्या खडकावर गेली. घाई झाली होती. दुसरी उलटली. त्यांनी हात चोळले, मान एकदा उजवीकडे वळवली.

“हो, हो,” ते म्हणाले. “तुझंच ऐकतो. उजवीकडून.”

मला काही ऐकू आलं नव्हतं.

तिसरी होडी त्यांनी उजव्या कडेने घातली. आधीच्या दोन्ही होड्या त्यांनी डाव्या कडेने घातल्या होत्या. तिथे पाणी काळं दिसत होतं, दगड जास्त जवळ होते.

“धर घट्ट,” काका म्हणाले.

होडी वळली.

पंखे वाढले. खडक दोन्ही बाजूंनी गेले, इतक्या जवळून की मी भिंत सोडून पुढे वाकले. मग अंधारलेलं पाणी संपलं आणि समोर नुसता उजेड आला.

समुद्र.

काकांनी काही क्षण काहीच केलं नाही. होडी आपली आपण पुढे जात राहिली. वाळूला लागली. बेटावर विशेष काही नव्हतं. किनारा, थोडी झाडं, आणि वर जाणारी एक गवताळ चढण.

“पोचलो,” ते म्हणाले.

त्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला. डोळे पुसले, उघडपणे, लपवाछपवी न करता. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एकोणीस वर्षांत एवढं समाधान मला कुठल्या दुरुस्तीने दिलं नव्हतं.

“चहा ठेवतो,” काका उठले. “बस तू. माझ्या खुर्चीत बस.”

ते स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले. आतून भांड्याचा आवाज आला, नळाचा आला. उजव्या हाताला ती खुर्ची होती, मी तिकडे पाहिलं नाही. पडद्यावर लाटा येत होत्या, जात होत्या. किती सलग दिसतंय, असं माझ्या मनात आलं. मग सवयीने मी कोपऱ्यातला भार पाहिला.

प्रत्येक चित्रामागे आता दोन नव्हे, एकच चित्र होतं.

पडद्यावरचा माणूस होडीतून उतरला.

कीबोर्ड माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझे हात मांडीवर होते. मी ते पाहिले.

तो किनाऱ्यावरून चालत झाडांपर्यंत गेला आणि चढणीला लागला. काका नेहमी पळवायचे, सगळेच पळवतात, या गेममध्ये कुणी दमत नाही. हा चालत होता. हळू, पाऊल टाकत. अर्ध्या चढावर तो थांबला. किनाऱ्यावर वारा होता, गवत हलत होतं, म्हणजे यंत्र अडकलेलं नव्हतं. तो नुसता उभा होता.

स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला. तिथून पडदा दिसत नाही. मधे भिंत आहे.

“थांबली असेल,” ते म्हणाले. “चढावर तिला दम लागतो. ती दोनदा थांबते. तू काही करू नकोस.”

मी काही केलं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा चालू लागली, दहाबारा पावलं गेली, आणि थांबली.